शब्दांमागे धावणारी वाद्ये

कँटोनीज ऑपेराची संहिता चाळली तर तिच्यात संवाद सापडतात, गाण्याचे शब्द सापडतात आणि अमुक ओळी अमुक प्रकारच्या चालीत म्हणायच्या एवढी त्रोटक सूचना सापडते. बहुतेक गाण्यांचे सूर मात्र लिहिलेलेच नसतात. नट रंगमंचावर येऊन गाऊ लागतो आणि त्या घडीला त्या शब्दांना चाल लागते. बाजूला बसलेले वादक तीच चाल त्याच घडीला त्याच्यासोबत वाजवत असतात. पूर्ण नाटकाची तालीम कित्येकदा झालेलीही नसते. हाँगकाँगमधल्या या परंपरेचा बारकाईने अभ्यास करणारे संगीतशास्त्रज्ञ बेल युंग यांनी 1989 साली तिच्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की इथे प्रयोग म्हणजे आधी रचून ठेवलेल्या गोष्टीचे सादरीकरण नसते. रचनाच प्रयोगात होते.

न ठरलेली चाल इतकी माणसे एकत्र वाजवतात तरी कशी? याचे उत्तर भाषेत आहे. ग्वांगदोंग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव या दक्षिण चीनच्या पट्ट्यात बोलली जाणारी कँटोनीज ही सुरांवर चालणारी भाषा आहे. ‘सि’ हा एकच उच्चार सहा वेगवेगळ्या सुरांत केला की त्याचे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे सहा अर्थ होतात. आता असा शब्द गायचा म्हटला तर चाल त्याला हवी तिथे नेता येत नाही. खालच्या सुराचा शब्द वर चढवला की प्रेक्षकाला भलताच शब्द ऐकू येतो. म्हणून गायक चालीचा सांगाडा तेवढा पाळतो, म्हणजे ओळ किती मात्रांची, कोणत्या सुरावर थांबायची वगैरे, आणि मधली सगळी वळणे शब्दांच्या चढउतारावरून घेतो. वादकालाही भाषा येते, सांगाडा त्यालाही पाठ असतो. त्यामुळे शब्द कानावर पडताक्षणी तो कुठल्या बाजूला वळणार हे त्याला कळते. ही गोष्ट एकदा लक्षात आली की या ऑपेरातले एकेक वाद्य तसे का घडले असावे, हेही उलगडू लागते.

सुरावटीच्या बाजूच्या म्होरक्याला ‘ताउ-गा’ म्हणतात. त्याच्या हातात बहुधा गाओहू असते. दोन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य. खाली लहानशी लाकडी नादपेटी. तिच्या एका तोंडावर अजगराचे कातडे ताणलेले, दुसरे तोंड उघडे. वर एक लांब काठी आणि काठीला दोन खुंट्या. गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून वेगळा काढताच येत नाही. तो आतल्या तारेवर दाबला की एक सूर, बाहेरच्या तारेवर दाबला की दुसरा. तारांखाली पट्टी नाही, पडदे नाहीत. बोट तार दाबते ती हवेतच. गळ्याला जेवढे सूर काढता येतात त्या सगळ्यांपर्यंत, त्यांच्या मधल्या फटींसकट, हे बोट घसरत जाऊ शकते. नटाचा शब्द खालून वर चढला की बोटही तेवढेच वर सरकते.

वादक ही नादपेटी मांडीवर न ठेवता दोन गुडघ्यांत धरतो. दोन्ही पाय पेटीला भिडलेले असले की लहान पेटी आणि ताणलेले कातडे यांतून निघणारा कर्कशपणा दबतो. पकड सैल-घट्ट केली की आवाजाचा पोतही बदलतो. गुडघे हा या वाद्याचाच एक भाग मानला पाहिजे.

इतके पारंपरिक वाटणारे हे वाद्य जेमतेम शंभर वर्षांचे आहे, हे मला फार विलक्षण वाटते. त्याआधी म्होरक्याची जागा अरश्येन या वाद्याची होती. तेही दोन तारांचेच, पण आवाज अतिशय टोकदार. त्याला साजेशी परिस्थितीही होती. नाटके उघड्यावर व्हायची, देवळासमोरच्या गर्दीत व्हायची. मंडळ्या पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात लाल रंगाच्या होड्यांतून गावोगाव फिरायच्या. नट राहायचे त्या होडीतच, कपड्यांच्या पेट्याही तिथेच. मुख्य म्हणजे रंगमंचावरची भाषा कँटोनीज नव्हती. उत्तरेकडच्या बोलीवर बेतलेली एक खास रंगभाषा होती आणि पुरुष पात्रेही तीत वरच्या, कृत्रिम आवाजात गात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नट आपल्या घरच्या भाषेत, कँटोनीजमध्ये, गाऊ लागले. स्वतःच्या भाषेत बोलल्यासारखे गायचे तर आवाजही नैसर्गिक पट्टीत यावा लागतो. तो आला. पुरुष पात्रांची पट्टी खाली उतरली, आणि अरश्येनचा टोकदार आवाज या नव्या गाण्याला टोचू लागला.

अशा वेळी लुई मान-सिंग पुढे आले. जन्म 1898चा, ग्वांगदोंगमधल्या झोंगशानचा, वाढले शांघायमध्ये. 1920च्या दशकात त्यांनी अरहू हे मूळचे मऊ आवाजाचे वाद्य घेतले, रेशमाच्या तारेच्या जागी पोलादी तार बसवली, ‘सा’पासून ‘म’ जितका वर तितकी त्याची पट्टी वर नेली आणि नादपेटी मांडीवरून उचलून गुडघ्यांत घेतली. गाओहू तयार झाले. आवाज स्वच्छ, चमकदार, दूर जाणारा, तरी गळ्याशी भांडण न करणारा. लुई स्वतः उंच आवाजात गातही असत. वाद्य गळ्याच्या इतके जवळ आले त्यात याचा वाटा असावा असे मला वाटते. काही वर्षांतच त्याने अरश्येनला मुख्य जागेवरून उठवले. अरश्येन आज ठरावीक जुन्या शैलीच्या प्रसंगांत ऐकू येते, आणि तेव्हा जुना काळ कानांनी ओळखता येतो.

सुरांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. आपण सा रे ग म म्हणतो तसे कँटोनीज वादक ‘सांग, छे, गुंग, फान, लिऊ, वू, यि’ म्हणतात. खालच्या सप्तकातला पंचम ‘हो’ आणि धैवत ‘सि’. या ऑपेरातल्या चालींची दोन मोठी घराणी आहेत, बोंग-जी आणि यि-वोंग. यि-वोंग वाजवताना गाओहूच्या दोन मोकळ्या तारा ‘हो’ आणि ‘छे’ मानल्या जातात, म्हणजे प आणि रे. बोंग-जीमध्ये त्याच तारा ‘सि’ आणि ‘गुंग’ होतात, म्हणजे ध आणि ग. मोकळ्या तारेचा आवाज दाबलेल्या तारेपेक्षा नेहमीच भरघोस असतो. त्यामुळे ज्या सुरांना ती भर मिळते ते सूर चालीत उठून दिसतात आणि दोन घराण्यांचा रंग आपोआप वेगळा होतो.

दुःखाच्या प्रसंगी मात्र तिसराच रंग येतो. त्याचे नाव ‘यि-फान’, कारण त्यात यि आणि फान, म्हणजे निषाद आणि मध्यम, या दोन सुरांवर भर असतो. पण हे आपल्या हार्मोनियमवरचे नी आणि म नव्हेत. निषाद शुद्धपेक्षा किंचित उतरलेला, कोमलपर्यंत न पोचलेला. मध्यम शुद्धपेक्षा किंचित चढलेला, तीव्रपर्यंत न गेलेला. दोघेही पट्ट्यांच्या फटीत राहतात. जाणकार या गाण्याला ‘कडू गळा’ म्हणतात. गाओहूवर बोट या दोन जागांवर येऊन थरथरते तेव्हा पियानोवर ही गोष्ट सांगता येणार नाही हे कुणी समजावून द्यावे लागत नाही.

गाओहूच्या भोवती इतर मंडळी बसलेली असतात. येहू नारळाच्या करवंटीचे. त्याच्या तोंडावर कातडे न लावता पातळ लाकडी फळी बसवतात आणि तारांखालची घोडी बऱ्याचदा शिंपल्याची असते. आवाज घुमणारा आणि शांत. होउग्वान हे नळीसारखे फुंकवाद्य, नाकातून बोलल्यासारखे. यांगचिनच्या तारांवर बांबूच्या लवचीक काड्या नाचतात. हे यांगचिन समुद्रमार्गे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर आले असे मानतात, आणि त्याचे मूळ इराणच्या संतूरपर्यंत नेले जाते. काश्मीरचे संतूर ऐकलेल्या माणसाला त्याचा पहिला झंकार परका वाटत नाही.

आता दुसरी बाजू. बांबूच्या मंडपात किंवा नाट्यगृहात सुरांची मंडळी एकीकडे बसतात आणि तालवाद्ये दुसरीकडे. या दुसऱ्या बाजूचा प्रमुख म्हणजे ‘जेउंग-बान’. ऑपेरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस कोण असे मला विचारले तर मी नायकाआधी याचे नाव घेईन. त्याच्यासमोर लाकडी ठोकळे असतात, कातडी ताणलेली छोटी ढोलकी असते, मोठे नगारे असतात. ठोकळ्याच्या कोरड्या ठोक्यांवर तो लय सांभाळतो. जोराच्या मात्रेला ‘बान’ म्हणतात आणि हलक्या मात्रेला ‘डिंग’. एक बान आणि तीन डिंग मिळून चार मात्रांचे आवर्तन होते.

पण त्याचे खरे काम नटाच्या शरीराकडे डोळे लावून बसणे. नटाने बाही झटकली, पाऊल आपटले, बोट विशिष्ट प्रकारे उचलले की ती खूण असते: आता अमुक ठेका हवा, आता अमुक चाल सुरू होणार. जेउंग-बान ती खूण टिपतो आणि स्वतःच्या हाताने दुसरी खूण करून थाळेवाल्याला व झांजवाल्याला सांगतो. हे सगळे पापणी लवायच्या आत उरकते. प्रेक्षकाला वाटते, नट वळला आणि थाळा वाजला.

ठेक्यांचे बोल तोंडी शिकवले जातात, तबल्याचे शिकवतात तसेच. ‘चा-डुक-छाङ’ हे तीन बोल तर इतके घरोघरचे झाले आहेत, की नुसते उच्चारले तरी हाँगकाँगमधल्या माणसाला कँटोनीज ऑपेरा आठवतो. प्रत्येक ठेक्याला काम नेमून दिलेले असते. घाईघाईने येण्याजाण्यासाठी ‘छुंग-ताउ’. पात्र काय करावे या विचारात येरझाऱ्या घालत असेल तर ‘सेउई-बो-लोंग’, पाण्याच्या लाटा. ठेकाही तसाच पुढे-मागे हेलकावतो. अचानक धक्का बसला किंवा ताटातूट झालेली माणसे एकमेकांकडे धावली की ‘सिन-फुंग-बात’, झांजांचा एकदम उसळणारा कल्लोळ. शब्द एकही न कळता डोळे मिटून बसलेल्या माणसालाही या ठेक्यांवरून पात्राच्या मनात काय चालले आहे ते समजू लागते.

थाळ्यांपाशी थोडे जास्त थांबायला हवे, कारण त्यात पदार्थविज्ञानातली एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. कँटोनीज ऑपेराचे स्वतःचे उंच काठाचे मोठे थाळे आहेत, खोल आणि लांबवर रेंगाळणाऱ्या आवाजाचे. त्याशिवाय बीजिंगच्या ऑपेराकडून घेतलेली थाळ्यांची जोडी आहे. मोठ्या थाळ्यावर कापड गुंडाळलेल्या दांडीने टोला मारला की आवाज निघतो आणि निघता निघता खाली घसरतो. लहान थाळा बोटांवर लोंबता धरून पातळ लाकडी पट्टीने वाजवला की त्याचा आवाज वर चढतो. धातू तोच, तांबे आणि कथील यांचे कासे. घडवण्याची रीतही तीच. मग एकाने खाली जावे आणि दुसऱ्याने वर, असे का?

ऑस्ट्रेलियन पदार्थविज्ञानी नेव्हिल फ्लेचर यांनी 1980च्या दशकात याचा छडा लावला. सगळा खेळ थाळ्याच्या तोंडाला किती फुगवटा आहे याचा आहे. मोठ्या थाळ्याचा मार खाणारा भाग जवळजवळ सपाट असतो. सपाट पत्रा जोरात थरथरू लागला की ताणला जातो, ताणला की ताठ होतो, आणि ताठ पत्र्याचा सूर उंच असतो. थरथर ओसरते तसा ताण उतरतो आणि सूर खाली येतो. लहान थाळ्याला बेताचा फुगवटा असतो. पत्र्याच्या डब्याचे फुगीर झाकण अंगठ्याने दाबले की आधी अडते आणि मग सहज आत जाते, तसे फुगीर पत्र्याचे होते: हालचाल मोठी झाली की तो ताठ होण्याऐवजी नरम पडतो. म्हणून टोल्याच्या क्षणी सूर खाली असतो आणि थरथर निवळते तसा वर चढतो. हा बदल दोन-तीन अर्धस्वरांइतका मोठा असू शकतो. थाळे ठोकून घडवणाऱ्या कारागिरांकडे हातोडा होता आणि कान होता. तेवढ्यावर त्यांनी हा फुगवटा नेमका जमवला.

या खाली-वर जाण्याचा मला फार मोह पडतो. जिथली माणसे सूर चढवून-उतरवून बोलतात तिथल्या रंगमंचावर धातूचे थाळेही सूर चढवतात आणि उतरवतात. यात कार्यकारणभाव आहे असा दावा करता येत नाही. हे थाळे उत्तरेकडून आले हेही खरे. तरी कानाला ते शेजारी-शेजारी बसलेले छान वाटतात.

सुओनाचे स्थान वेगळे आहे. लाकडी निमुळती नळी, तोंडाशी गवताची दुहेरी पत्ती, शेवटी धातूचा कर्णा. आपल्या सनईची ही जवळची नातेवाईक. पश्चिम आशियातले सुरना नावाचे वाद्य पूर्वेकडे गेले आणि दक्षिणेकडेही पसरले. चीनमध्ये त्याचे सुओना झाले आणि याच कुळातली सनई आपल्याकडे देवळाच्या नगारखान्यात चौघड्याशेजारी बसली. गाल फुगवून नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवण्याची युक्ती दोघींकडे आहे. कँटोनीज ऑपेरात सुओना वाजू लागली की राजा येणार, सैन्य निघणार किंवा देव उतरणार हे नक्की. उत्सवी प्रयोगाच्या सुरुवातीला होणाऱ्या ‘सहा राज्यांचा प्रधान’ किंवा ‘आठ अमरांची वाढदिवसाची भेट’ यांसारख्या मंगल नाट्यांत तर तिच्याशिवाय पान हलत नाही.

कारण हा ऑपेरा माणसांइतकाच देवांसाठीही असतो. समुद्राची देवता तिन हाऊ हिच्या वाढदिवसाला हाँगकाँगच्या बेटांवर आजही बांबू बांधून मोठाले मंडप उभारतात आणि त्यात प्रयोग होतात. ज्या जागेवर पूर्वी कधी ऑपेरा झाला नाही तिथे सर्वांआधी श्वेत व्याघ्राचा विधी करावा लागतो. पिवळ्या-काळ्या वाघाच्या वेशातला नट येतो, एक सेनानी त्याला जेरबंद करतो. तो संपेपर्यंत मंडळीतल्या कुणी तोंडातून शब्द काढायचा नसतो. बोलतात ती फक्त तालवाद्ये.

या परंपरेने खूप सोसलेही आहे. 1854 साली ली वेनमाओ हा नट बंडात उतरला, पुढे त्याने स्वतःला राजाही जाहीर केले. त्याचा सूड म्हणून छिंग राजवटीने फोशानमधले नटांचे संघगृह जमीनदोस्त केले आणि ऑपेरावर कित्येक वर्षे बंदी घातली. 1889 साली ग्वांगझूमध्ये पाट-वो हा नटसंघ उभा राहिला आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसली.

पुढच्या पिढ्यांची हिंमत पाहा. 1920–30च्या दशकांत सित कोक-सिन आणि मा सि-झांग या दोन नटांमध्ये जबरदस्त चुरस लागली आणि त्या चुरशीत व्हायोलिन, सॅक्सोफोन, बँजो, हवाईयन गिटार अशी वाद्ये भराभर आत आली. वान ची-चुंग यांनी व्हायोलिनवर गाओहूसारखी घसरणारी बोटे चालवून त्याला कँटोनीज बोलायला शिकवले. यातली पुष्कळ वाद्ये नंतर मागे पडली. व्हायोलिन, चेलो आणि सॅक्सोफोन मात्र आजही वादकांत दिसतात. माझ्या मते टिकण्याचे गमक एकच: ज्याला दोन सुरांच्या मधून घसरत जाता येते आणि यि-फानमधला तो तिरका निषाद गाठता येतो, ते वाद्य राहिले. पियानोला ते साधणारे नव्हते. अजगराच्या कातड्यालाही आता पर्याय येत आहेत; हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने कृत्रिम पडदा बसवलेली हूचिन, म्हणजे गाओहूच्या कुळातली, वाद्ये तयार केली आहेत.

युनेस्कोने 2009 साली हा ऑपेरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. 2019 साली पश्चिम काउलूनमध्ये शिचू सेंटर हे खास नाट्यगृह उघडले. दुसरीकडे याच ऑपेराचे जुने घर असलेले, नॉर्थ पॉइंटचे 1972पासूनचे सनबीम थिएटर मार्च 2025मध्ये बंद झाले.

आतापर्यंत शब्द पुढे आणि वाद्ये मागे, असेच सांगितले. याच्या उलटही एक प्रकार आहे, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. ‘सिऊ-कुक’ म्हणजे आधीच पक्की ठरलेली चाल. तिचे सूर हलवता येत नाहीत, म्हणून लेखकाला असे शब्द शोधावे लागतात ज्यांचे चढउतार त्या सुरांवर नेमके बसतील, अर्थही नीट लागेल आणि काव्यही उतरेल. तोंग तिक-सांग (1917–1959) हे यातले मोठे नाव. त्यांच्या 1957च्या ‘दाय नोय फा’ या नाटकात मिंग घराण्याची राजकन्या आणि तिचा पती लग्नाच्या रात्री एकत्र विष पितात. राजकन्या होती पाक सुएत-सिन आणि पती यम किम-फाय. यम किम-फाय या स्त्री होत्या आणि पुरुष भूमिकांसाठीच त्यांची ख्याती होती. त्या शेवटच्या गाण्याची चाल फिफा या तंतुवाद्याच्या एका जुन्या रचनेतून घेतलेली आहे. म्हणजे सूर वाद्याचे होते, आणि तोंग यांनी एकेक शब्द त्या सुरांवर असा बसवला की ऐकणाऱ्याला ती चाल त्या शब्दांतूनच उगवली असे वाटावे. 1959 साली याचा चित्रपट निघाला, त्यातही याच दोघी होत्या. हाँगकाँगमध्ये हे गाणे ऑपेराला कधी न गेलेल्या माणसांनाही येते. तिथल्या आजच्या पॉप गाण्यांचे गीतकारही तयार चालीवर शब्द बसवतात ते याच नियमाने, प्रत्येक अक्षराचा सूर तपासून.